पूर्णविरामापर्यंत मागे

वहिनींच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं धाकटा चौदा महिने स्वतःला सांगत होता. राहून गेलं म्हणायला ते काही विसरलेलं काम नव्हतं. पत्र रोज त्याच्या डोळ्यांसमोर असायचं, कारण हातातल्या पुस्तकात खूण म्हणून तो तेच घालायचा. एक पुस्तक संपलं की पत्र दुसऱ्यात जायचं. अशी एकतीस पुस्तकं संपली. पत्राची घडी मऊ पडून फाटायला आली, पण उत्तराची पहिली ओळ काही कागदावर उतरली नाही.

पत्र तसं छोटंच होतं. "भाऊजी, ह्यांची शेवटची कॅसेट तुमच्यापाशी आहे. तिच्यावर ह्यांचं काही बोलणं आहे का? असेल तर काय, नसेल तर नाही, एवढंच कळवा. त्या दिवशी नेमकं काय झालं, तेही तुम्ही कधी नीट सांगितलं नाहीत. मी रागावणार नाही. पण कळवा."

'मी रागावणार नाही' या तीन शब्दांपाशी तो दर वेळी अडायचा, आणि पत्र पुन्हा पानांत सरकवून पुढचं प्रकरण काढायचा.

धाकट्याचं वय एकाहत्तर. घरात दोनच भाऊ, म्हणून लहानपणी पडलेलं नाव केस पांढरे झाले तरी गेलं नाही. एका कॉलेजच्या ग्रंथालयात त्याने तेहतीस वर्षं पुस्तकांची कार्डं लिहिली. लग्न केलं नाही. करावं असं वाटलं तेव्हा विचारायचा धीर झाला नाही, आणि धीर आला तेव्हा विचारण्यासारखं कोणी उरलं नाही. माणसांत तो अवघडायचा. पुस्तकात आणि बिघडलेल्या रेडिओत मात्र त्याचं डोकं चालायचं. दादा अगदी उलटा. शाळामास्तर, खणखणीत आवाजाचा, दहा माणसांत अकरावा आपण आहोत हे कोणाला विसरू न देणारा. दादा निवृत्त झाला तेव्हा दोघा भावांनी मिळून एक काम अंगावर घेतलं. गावातल्या अंधांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं कॅसेटवर भरून द्यायची. दादाने वाचायचं, धाकट्याने रेकॉर्डर चालवायचा.

जागा धाकट्याच्या घरातलीच. दोन खोल्या, मधे एक दार. आतल्या खोलीत भिंतींना आणि दाराला ब्लँकेटं ठोकलेली, टेबलावर मायक्रोफोन. रेकॉर्डर बाहेरच्या खोलीत, कारण त्याच्या मोटारची घरघर आणि कळांची खटखट मायक्रोफोनला ऐकू येता कामा नये. खाली पत्रे कापायचा कारखाना होता. तो दुपारी एक ते तीन बंद असायचा. तेवढ्या दोन तासांत काय भरायचं ते भरायचं.

चूक झाली की काय करायचं याची त्यांची रीत ठरलेली होती. दादा वाचता वाचता चुकला की पेन्सिलीने टेबलावर दोनदा टकटक करायचा. बाहेर धाकट्याच्या हेडफोनमध्ये ते ऐकू यायचं. तो टेप थांबवायचा, चुकलेल्या वाक्याच्या आधीच्या पूर्णविरामापर्यंत मागे न्यायचा, रेकॉर्डिंग चालू करायचा आणि एक बटण दाबायचा. आत टेबलावर छोटा लाल दिवा लागायचा. दिवा लागला की दादा ते वाक्य पुन्हा वाचायचा. चूक पुसली जायची. इतक्या सफाईने की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस जन्मात कधी चुकलाच नाही. अशी बेचाळीस पुस्तकं झाली. त्रेचाळिसावं, एक जाडजूड कादंबरी, नवव्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर थांबलं, कारण दादाच थांबला.

त्यानंतर दीड वर्षाने ग्रंथालयाच्या बाईंचा फोन आला.

"काका, आमचे ऐकणारे रोज माझा जीव खातात. त्या कादंबरीचं पुढे काय झालं म्हणून. अर्ध्यावर सोडलं म्हणजे माणसाला जिन्यात उभं करून दिवा घालवल्यासारखं झालं हो."

"पण वाचायचा दादा."

"आता तुम्ही वाचा."

"माझा आवाज तसा नाही."

"त्यांना आवाज नकोय, शेवट हवाय," बाई म्हणाल्या.

धाकटा वाचायला बसला आणि पहिल्याच दुपारी त्याचा घामटा निघाला. चुकलं की उठायचं, ब्लँकेट बाजूला करायचं, दार उघडायचं, बाहेर जाऊन टेप मागे न्यायची, पुन्हा आत धावायचं. तोवर दम लागलेला. टेपवर वाक्य कमी आणि धापा जास्त. आणि तो चुकायचा दर तिसऱ्या ओळीला. दोन तासांत दोन पानं झाली. या वेगाने गेलं तर पुस्तक आपल्या आधी संपेल की आपण पुस्तकाआधी, याचा त्याने हिशेब केला आणि मग तो हिशेब सोडून दिला.

रेकॉर्डरच्या पाठीमागे एक गोल सॉकेट होतं, दुरून चालवायच्या बटणांसाठी. ती बटणं कधीच बाजारातून गेली होती. पण सॉकेटमधली कोणती पिन कशाला जोडली की काय होतं, हे धाकट्याने दोन संध्याकाळींत शोधून काढलं. एकीने टेप थांबायची, दुसरीने मागे जायची, तिसरीने भरायला लागायची. मग त्याने पुतण्यांनी टाकून दिलेला जुना कॉम्प्युटर माळ्यावरून काढला. त्याच्या प्रिंटरच्या सॉकेटमधून तारा काढून त्या चार रिलेंना जोडल्या. रिले म्हणजे विजेवर उघडमीट करणारी छोटी बटणं, नखाएवढी. ती त्याने साबणाच्या डबीत बसवली. चौथा रिले लाल दिव्यासाठी. खरं तर एकट्या माणसाला दिव्याची गरज नव्हती, पण दिवा लागल्याशिवाय वाचायला सुरुवात करणं त्याला जमेना. कॉम्प्युटर बाहेर, कीबोर्ड आणि पडदा आत, दाराखालून तारांची जुडी. प्रोग्रॅम त्याने ग्रंथालयातली पुस्तकं वाचून स्वतः लिहिला. कीबोर्डची एक कळ दाबली की टेप थांबेल, नेमकी चार सेकंदं मागे जाईल, भरायला लागेल आणि दिवा पेटेल. पडद्यावर कळ दाबल्याची वेळ उमटेल.

याला दोन महिने लागले. पहिली डबी जळाली. दुसरीत त्याने दोन तारा उलट जोडल्या आणि रेकॉर्डरने एक कोरी कॅसेट चावून टाकली. तिसरी चालली. चाचणीला त्याने पन्नास वेळा कळ दाबली, पन्नास वेळा सगळं बिनचूक झालं. त्या दिवशी त्याने स्वतःसाठी चहा केला, आणि कधी नव्हे तो दोनदा साखर घातली.

दुसऱ्या दिवशी एक वाजता कारखाना बंद झाला आणि तो वाचायला बसला. पाचव्या मिनिटाला, त्याचे दोन्ही हात पुस्तकावर असताना, बाहेर टेप थांबली. मागे गेली. दिवा लागला.

"झालं," धाकटा म्हणाला. "पहिल्याच घासाला खडा."

कुठेतरी तार सैल असणार. त्याने डबी उघडली, सगळे सांधे पुन्हा सोल्डर केले. तिसऱ्या दिवशी टेप सात वेळा आपोआप थांबली. चौथ्या दिवशी अकरा वेळा. त्याने जुडी बदलली. प्लग बदलला. रिलेंच्या जोडीला कपॅसिटर लावले. शेवटी डबी पिशवीत घालून तो सुट्या भागांच्या दुकानात गेला. तिथला दुकानदार जाड काचांच्या चष्म्याचा, गिऱ्हाइकाआधी त्याच्या सर्किटशी बोलणारा माणूस.

"आपोआप म्हणजे कसं आपोआप?" दुकानदाराने डबी उलटी केली. "साबण संपल्यावर केलेली दिसतेय."

"मी कळ न दाबता थांबते."

"पडद्यावर वेळ उमटते?"

"नाही. तेच तर. कॉम्प्युटरने काही पाठवलेलंच नसतं. पण रिले वाजतात, टिक टिक टिक, आणि टेप मागे."

"मग बाहेरून करंट घुसतोय. खाली कारखाना आहे म्हणता ना?"

"तो बंद असतो तेव्हाच मी बसतो."

दुकानदाराने डबी नाकाजवळ नेऊन हुंगली, जशी भाजी हुंगावी. "काका, मशीनमध्ये भूत नसतं. अर्थिंगमध्ये असतं. ही जाळीवाली वायर न्या. नाही थांबलं तर मी दुकान बंद करून शेती करीन."

जाळीवाली वायर लावल्यावर टेप चौदा वेळा थांबली.

धाकटा चिडला की आरडाओरडा करत नसे. गप्प होऊन याद्या करायचा. त्याने वही काढली आणि प्रत्येक थांब्याची वेळ, पान आणि ओळ लिहायला सुरुवात केली. विजेचा गोंधळ असेल तर त्याला काही ताल असेल. तासाला अमुक, गरम झाल्यावर तमुक. आठवडाभर लिहूनही ताल सापडेना. सापडलं ते वेगळंच. त्याचा प्रोग्रॅम टेप चार सेकंदं मागे न्यायचा. पण या आपोआपच्या थांब्यांना टेप कधी तीन सेकंदं मागे जायची, कधी वीस. त्याने मोजून पाहिलं, मग पुस्तकाशी लावून पाहिलं. दर वेळी ती आधीच्या पूर्णविरामावर जाऊन उभी होती. कॉम्प्युटरला पूर्णविराम ठाऊक नव्हता. रेकॉर्डरला तर नव्हताच.

 मग त्याच्या मनात एक शंका आली, आणि शंका अशी होती की ती त्याला आधी न सुचल्याची लाज वाटली.

पुढच्या वेळी टेप थांबली तेव्हा त्याने पुन्हा वाचलं नाही. बाहेर जाऊन नुकतंच भरलेलं ऐकलं, पुस्तक समोर धरून. छापलं होतं, 'तो तिसऱ्या पायरीवर बसला.' टेपवर त्याचा आवाज म्हणत होता, तो दुसऱ्या पायरीवर बसला. पुढच्या थांब्याला त्याने एक ओळ गाळली होती. त्याच्या पुढच्याला 'विचारलं' ऐवजी 'सांगितलं' म्हटलं होतं. त्या दुपारी टेप सोळा वेळा थांबली. सोळाच्या सोळा ठिकाणी तो चुकला होता, आणि एकाही ठिकाणी ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

भीती वाटायच्या आधी त्याला अपमान वाटला. आयुष्यभर त्याला वाटत आलं होतं, की आपण काही करायला गेलो की कुठेतरी चुकतंच. आता ते दाखवायला साबणाची डबीसुद्धा पुढे सरसावली होती. त्याने मुद्दाम एक वाक्य वाकडं वाचलं. टिक टिक टिक, दिवा. सरळ वाचलं. टेप चालत राहिली. पुन्हा वाकडं. दिवा.

मग तो उठला, मायक्रोफोनची वायर रेकॉर्डरमधून उपटून काढली आणि ती हातात घेऊनच आत येऊन बसला. आता या खोलीतला कुठलाही आवाज बाहेर जायला वाट नव्हती. त्याने पुस्तक उघडलं आणि पुटपुटल्यासारखं एक वाक्य चुकीचं वाचलं.

बाहेर टेप थांबली. मागे गेली. दिवा लागला.

त्याच्यापुढची एक चाचणी, ओठ न हलवता नुसतं मनात चुकून बघायची, त्याला सुचली होती. ती त्याने केली नाही. वायर परत जोडली, आणि चुकलेलं वाक्य नीट वाचलं.

त्या दिवसापासून काम भराभर होऊ लागलं. यात कुठेतरी आपली फसवणूक होतेय असं त्याला वाटायचं, पण कोणाकडून, हे सांगता आलं नसतं. तो कळ दाबेनासा झाला. नुसतं वाचायचं. चुकलं की टेप थांबणार, दिवा लागला की पुन्हा घ्यायचं. आतली खोली तशीच होती, फक्त तो दादाच्या खुर्चीत होता. बाहेरच्या, त्याच्या स्वतःच्या खुर्चीत कोणी नव्हतं. दर दुपारी काम संपल्यावर तो ब्लँकेट सारून आधी ते पाहून घ्यायचा.

कादंबरी संपायला तीसेक पानं उरली असताना पुतणीचा फोन आला.

"काका, आईचं डोळ्याचं ऑपरेशन फसलं. आता तिला वाचता येत नाही."

"अरेरे."

"ती रोज दुपारी विचारते, पत्र आलं का. मी म्हणते कोणाचं? सांगत नाही. तुम्ही काही लिहिणार होतात का?"

"लिहिणार होतो."

"मग लिहा ना. मी वाचून दाखवीन."

त्याने फोन ठेवला. जे त्याला कागदावर उतरवता आलं नव्हतं, ते आता पुतणी मोठ्याने वाचणार होती, तिच्या आईसमोर, तिच्या बापाविषयी. ते होणार नव्हतं. त्यापेक्षा कॅसेटच पाठवावी. वहिनींना एकटीला ऐकता येईल. आणि काय सांगायचं तेही त्याने ठरवून टाकलं. म्हाताऱ्या, आंधळ्या झालेल्या बाईला जे ऐकून बरं वाटेल ते.

दुसऱ्या दिवशी एक वाजता त्याने कोरी कॅसेट लावली आणि आत येऊन बसला. दिवा लागला.

"वहिनी, सप्रेम नमस्कार. उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल क्षमा करा."

टेप चालत होती.

"दादा वाचता वाचता गेला. त्याला काही कळलंसुद्धा नाही."

टिक टिक टिक.

टेप मागे गेली. दिवा लागला.

धाकट्याने सवयीने पान शोधलं. समोर पुस्तक नव्हतं. ज्याच्याशी ताडून पाहावं असं छापलेलं काही नव्हतंच. त्याने घसा साफ केला. "त्याला फारसा त्रास झाला नाही."

टेप मागे. दिवा.

"मला कळल्याबरोबर मी आत गेलो."

दिवा.

"कॅसेटवर काही नाही."

दिवा.

"अरे, तिला बरं वाटावं म्हणून म्हणतोय," धाकटा म्हणाला. आपण कोणाला अरे म्हटलं, हे त्याच्या ध्यानात आलं. "खरं ऐकून तिचं काय भलं होणार आहे? का उगीच..."  दिवा स्थिर होता. त्याला घाई नव्हती.

कॅसेटवर काही नाही हे तो कशावरून म्हणत होता? नऊ नंबरची कॅसेट त्याने कधी ऐकलीच नव्हती. ती खणात, जुन्या कार्डांच्या गठ्ठ्यांखाली होती.

तो बाहेर आला. कॅसेट काढली, रेकॉर्डरमध्ये घातली, मागे नेली, हाताने कळ दाबली आणि हेडफोन कानांवर चढवला.

त्या दिवशी काय झालं ते त्याला ठाऊक होतं. निदान बाहेरच्या खोलीतलं. हेडफोनमध्ये दोनदा टकटक झाली. पेन्सिलीची नव्हे, बोथट, मुठीने केल्यासारखी. त्याने टेप थांबवली. पूर्णविरामापर्यंत मागे नेली. म्हणजे दादा त्या क्षणी जे म्हणाला असेल त्यावर नवं भरायची तयारी केली. भरायला चालू केलं. दिवा लावला. दादा सुरू करीना. आदल्या दिवशी दोघांची एका उच्चारावरून कुरबूर झाली होती. बसला असेल रुसून, असं धाकट्याला वाटलं. त्याने हेडफोन मानेवर सरकवला आणि मांडीवरचं स्वतःचं पुस्तक उघडलं. नऊ पानं वाचली. मग उठून आत गेला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पाव तास आधी आणलं असतं तर बघता आलं असतं. ते वाक्य त्याने आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं.

आता त्या नऊ पानांत आतल्या खोलीत काय झालं, ते सुरू झालं.

आधी श्वास. मग दादाचा आवाज. तो ओरडत नव्हता. मदत मागत नव्हता. तो वाक्य पुन्हा वाचत होता. 'आई म्हणाली, दार लावून घे.' एवढंच वाक्य. पण तोंडून येत होते दुसरेच शब्द, ओळ नसलेले, अर्थ नसलेले. तो थांबला. टेबलावर दोनदा टकटक केली. वाट पाहिली. पुन्हा वाचलं. पुन्हा भलतंच. दोनदा टकटक.

त्यालाही ती वाचनातली चूकच वाटली होती.

धाकट्याने मोजलं. सात वेळा. दर वेळी मधली वाट पाहणं लांबत गेलं. सातव्या टकटकीनंतर बराच वेळ काही नव्हतं. मग अगदी स्पष्ट, नेहमीच्या आवाजात, जरासुद्धा राग नसलेलं:

"दिवा लाव की रे."

दिवा लागलेला होता. तो धाकट्याने स्वतः लावला होता.

पुढे फक्त श्वास. मग तोही बारीक. मग दार उघडल्याचा आवाज, आणि त्याचा स्वतःचा, वैतागलेला: "दादा, काय चाललंय तुझं?"

धाकट्याने टेप थांबवली.

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते. अर्धा तास होता. त्याने नऊ नंबरची कॅसेट काढली, कोरी पुन्हा लावली, आत गेला, दारावरचं ब्लँकेट नीट केलं आणि दादाच्या खुर्चीत बसला.

बाहेर टेप आपोआप मागे गेली. कुठवर, ते त्याला बघावं लागलं नाही. 'क्षमा करा'च्या पुढचा पूर्णविराम.

दिवा लागला.

"वहिनी," तो म्हणाला, "दादाने टकटक केली, तेव्हा मला वाटलं तो चुकला. म्हणून मी टेप मागे नेली."

टेप चालत राहिली.

"मग मी हेडफोन काढला आणि पुस्तक वाचत बसलो. नऊ पानं."

चालत राहिली.

"डॉक्टर म्हणाले, पाव तास आधी आणायला हवं होतं. हे मी तुम्हाला सांगितलं नाही."

चालत राहिली.

त्याने सगळं सांगितलं. सात वेळा केलेली टकटक सांगितली, वाक्य सांगितलं, दिव्याचं सांगितलं. कॅसेट मागितलीत तर पाठवीन, नाही मागितलीत तर जपून ठेवीन, म्हणाला. आवाज दोनदा बसला, एकदा तो खोकला, एका वाक्यात क्रियापदच विसरला. टेप थांबली नाही. शेवटी 'तुमचा भाऊजी' म्हणून तो गप्प बसला.

रिले एकदाच वाजला. टेप थांबली. या वेळी ती मागे गेली नाही, आणि दिवा विझला.

धाकटा बाहेर आला. खुर्ची रिकामी होती. त्याने रेकॉर्डर उघडून कॅसेट काढली, तिच्या डबीत घातली, डबी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि खिशावर हात ठेवून जिना उतरला. पोस्ट चार वाजता बंद व्हायचं. ऐकून बघायला गेलो तर पुन्हा धीर होणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पाकीट तिथेच घेता येईल.

काउंटरवरची बाई उठायच्या बेतात होती. "काय आहे?"

"पत्र."

"ही तर कॅसेट आहे."

"तिच्यात पत्र आहे."

तिने डबी उघडून कॅसेट उलटीपालटी केली. असं काही तिने बऱ्याच दिवसांत पाहिलं नसावं. मग तिचं बोट कडेवर थांबलं. "आजोबा, ही मागच्या बाजूने तुटलीय. हे बघा. दोन्हीकडे."

त्याने चष्मा नाकावर सरळ केला. कॅसेटच्या पाठीवर प्लॅस्टिकच्या दोन बारीक टिकल्या असतात. त्या मोडल्या की त्या कॅसेटवर पुन्हा कोणाला काही भरता येत नाही. पुस्तक पूर्ण झालं की दादा प्रत्येक कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा, आणि एकही चूक सापडली नाही तरच अंगठ्याच्या नखाने त्या टिकल्या मोडायचा. ते काम त्याने कधी दुसऱ्याला करू दिलं नाही. धाकट्याने तर एकदाही केलं नव्हतं.

दोन्ही टिकल्या नव्हत्या. मोडल्याच्या जागा ताज्या, पांढऱ्या होत्या.

"चालेल ना अशी?" बाईने विचारलं.

"चालेल," धाकटा म्हणाला.

त्याने पाकीट विकत घेऊन त्यावर वहिनींचा पत्ता लिहिला. तिने कॅसेट पाकिटात सरकवली, तोंड चिकटवलं, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.